डिझाइनच्या पदवीची आखणी: शेवटच्या सेमिस्टरपासून मागे मोजत

डिझाइनच्या विद्यार्थ्याचं वेळापत्रक कागदावर हलकं दिसतं. चार-पाच विषय, आठवड्यात दोन दिवस दुपार रिकामी, परीक्षाही मोजक्याच. तरीही पदवी लांबण्याचे प्रकार या शाखेत बरेच घडतात. यातल्या पुष्कळ प्रसंगांत विद्यार्थी कमी पडलेला नसतो, विषयांचा क्रम चुकलेला असतो. स्टुडिओचे विषय, म्हणजे प्रत्यक्ष प्रकल्प करत शिकायचे विषय, एकाच्या खांद्यावर दुसरा असे उभे असतात आणि त्यांतले बरेचसे वर्षातून एकदाच शिकवले जातात. मधला एक निसटला की वरचे सगळे एक वर्ष थांबतात. क्रेडिटची बेरीज व्यवस्थित जुळत असताना हे घडतं, म्हणून वेळीच लक्षात येत नाही.

म्हणून आखणी पहिल्या सेमिस्टरपासून पुढे न करता शेवटच्या प्रकल्पापासून मागे करायची. ती कशी करायची, सल्लागाराकडे काय घेऊन जायचं आणि घडी विस्कटली तर काय वाचवायचं, ते इथे क्रमाने मांडलं आहे.

आधी पाच कागद जमवा

पहिला, तुमच्या प्रवेशवर्षाची अभ्यासक्रम-पुस्तिका. ‘प्रवेशवर्षाची’ हा शब्द महत्त्वाचा. डिझाइनचे अभ्यासक्रम वरचेवर बदलतात. वेबसाइटवर दिसतो तो बहुधा यंदा येणाऱ्यांसाठी असतो, तुम्हाला मात्र सहसा प्रवेशाच्या वर्षीचे नियम लागू असतात. नव्या आराखड्यात जायची मुभा असेल तर जाण्याआधी दोन्ही आराखडे शेजारी ठेवून तपासा. कधी नव्यात दोन विषय कमी होतात, पण आधी केलेला एखादा विषय मोजायचा राहून जातो.

दुसरा कागद म्हणजे आजपर्यंतची गुणपत्रिका. तिसरा, विद्यापीठाचं शैक्षणिक वेळापत्रक. त्यात विषय बदलायची, सोडायची आणि नोंद न राहता सोडायची अशा तीन वेगवेगळ्या तारखा असतात. चौथा, विभागाची पुढच्या दोन वर्षांची विषय-फिरती, म्हणजे कोणता विषय कोणत्या सेमिस्टरला शिकवला जाणार याचा तक्ता. हा सहसा छापलेला मिळत नाही. विभागाच्या कार्यालयात विचारा, नाहीतर मागच्या चार सेमिस्टरची वेळापत्रकं काढून स्वतः बनवा. पाचवा, वर्कशॉपचे नियम: कोणत्या यंत्रासाठी कोणतं प्रशिक्षण लागतं, ते कधी होतं, आरक्षण किती दिवस आधी करावं लागतं.

पाचव्या कागदाला कुणी फारसं विचारत नाही. पण तिसऱ्या वर्षाच्या स्टुडिओला लाकूडकामाची करवत लागणार असेल आणि तिचं सुरक्षा-प्रशिक्षण फक्त सेमिस्टरच्या पहिल्या दोन आठवड्यांत होत असेल, तर तो कागद पूर्वअटीइतकाच बंधनकारक आहे.

साखळी काढा

मोठा कागद आडवा धरा. उजव्या टोकाला अंतिम प्रकल्प लिहा. त्याच्या पूर्वअटी कोणत्या, त्या डावीकडे लिहून बाण जोडा. मग त्यांच्या पूर्वअटी. असं पहिल्या सेमिस्टरपर्यंत मागे या. प्रत्येक विषयावर तीन गोष्टी लिहा: क्रेडिट, तो विषम सेमिस्टरला असतो की सम, आणि पास होण्यापलीकडे किमान श्रेणीची अट आहे का. ही तिसरी नोंद विसरू नका. कित्येक ठिकाणी विषय पास होण्याची श्रेणी वेगळी असते आणि पुढच्या स्टुडिओत जाण्यासाठी लागणारी श्रेणी तिच्याहून वरची असते.

पूर्वअटींची ही परंपरा जुनी आहे. बाउहाउस या जर्मनीतल्या डिझाइन-शाळेत योहानेस इटेन यांनी सुरू केलेला सहा महिन्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम पार पडल्याशिवाय विद्यार्थ्याला धातूच्या, विणकामाच्या किंवा इतर कोणत्या कार्यशाळेत घेत नसत. आजचं फाउंडेशन वर्ष तिथूनच आलेलं आहे. साधनावर हात बसण्याआधी डोळा तयार व्हावा, हा त्यामागचा विचार. तेव्हा पूर्वअट ही नुसती कार्यालयीन अडवणूक नाही. ती माफ करून घेणं प्रत्येक वेळी फायद्याचं ठरतंच असं नाही.

आता नमुन्यादाखल आठ सेमिस्टरची पदवी घेऊ. विषम सेमिस्टर वर्षाच्या पहिल्या सहामाहीत, सम दुसऱ्या. मुख्य साखळी अशी: फाउंडेशन १, फाउंडेशन २, स्टुडिओ १, २, ३, ४, मग सातव्यात प्रकल्पपूर्व संशोधन आणि आठव्यात अंतिम प्रकल्प. आठ कड्या, आठ सेमिस्टर. मोकळीक शून्य. यातलं काहीही हुकलं की थेट एक वर्ष जातं, कारण तीच कडी पुन्हा वर्षभरानेच येते. हे कळायला आकृतीची गरज नाही.

आकृती उपयोगी पडते ती बाजूच्या साखळ्यांसाठी. समजा टायपोग्राफी १ (विषम), टायपोग्राफी २ (सम) आणि माहिती-आरेखन (विषम) अशी तीन विषयांची साखळी आहे आणि माहिती-आरेखन झाल्याशिवाय सातव्यातलं संशोधन घेता येत नाही. तिसऱ्या ते सहाव्या अशा चार सेमिस्टरमध्ये तीनच विषय करायचे, म्हणजे एका सेमिस्टरची सवड आहे असं वाटतं. ती नाही. माहिती-आरेखन फक्त विषम सेमिस्टरला, म्हणून ते पाचव्यातच घ्यावं लागणार. त्यामुळे टायपोग्राफी २ चौथ्यात आणि टायपोग्राफी १ तिसऱ्यात. सवड पुन्हा शून्य. ‘टायपोग्राफी पुढच्या सेमिस्टरला घेईन’ हा निरुपद्रवी वाटणारा निर्णय इथे एक वर्ष खातो.

याउलट साहित्य व प्रक्रिया १ आणि २ ही जोडी पदवीला लागते, पण तिच्यावर पुढचं काहीच अवलंबून नाही. ती तिसऱ्यात सुरू केली काय किंवा सातव्यात, पदवीच्या तारखेला फरक पडत नाही. चार सेमिस्टरची मोकळीक. (अर्थात साहित्याचं ज्ञान तिसऱ्या वर्षाच्या स्टुडिओला हवं असतं, म्हणून शहाणपण ते लवकर घेण्यातच आहे. पण ही अट नाही, निवड आहे.)

प्रत्येक विषयासाठी दोन आकडे लिहा: लवकरात लवकर कोणत्या सेमिस्टरला घेता येईल आणि उशिरात उशिरा कोणत्या. दोहोंतला फरक म्हणजे मोकळीक. शून्य मोकळीक असलेल्या विषयांभोवती लाल वर्तुळ करा. नोंदणीच्या दिवशी आधी लाल वर्तुळं भरायची, बाकीचं नंतर. वर्गाची आसनं मर्यादित असतील तर नोंदणी उघडते त्याच मिनिटाला.

क्रेडिट मोजून झाले, आता तास मोजा

क्रेडिट हे कष्टाचं माप आहे असं म्हणतात, पण स्टुडिओपुरतं ते माप ढिलं आहे. अमेरिकी पद्धतीत एका क्रेडिटला आठवड्याला सुमारे तीन तासांचं काम धरतात. व्याख्यानाच्या विषयात त्यातला एक तास वर्गातला आणि दोन तास बाहेरचे. युरोपच्या ईसीटीएस पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तास. म्हणजे एका सेमिस्टरच्या ३० क्रेडिटना ७५० ते ९०० तास. परीक्षा धरून १८ ते २० आठवड्यांत ते वाटले तर आठवड्याला साधारण ३८ ते ५० तास पडतात. अमेरिकी हिशेबात १५ क्रेडिटना ४५. दोन्हीकडून उत्तर जवळपास एकच येतं, पूर्ण वेळ नोकरीएवढं.

आता आठवड्याचा खरा हिशेब मांडा. आठवड्यात १६८ तास. झोपेचे ५६ गेले, राहिले ११२. जेवण, प्रवास, कपडे, आजारपण, घरच्यांशी बोलणं यांना रोजचे चार, म्हणजे २८ तास द्या. उरतात ८४. त्यात ६ क्रेडिटचा एक स्टुडिओ (१८ तास), ३ क्रेडिटचे दोन सिद्धान्ताचे विषय (९ आणि ९) आणि ३ क्रेडिटचा एक तंत्राचा विषय (९) धरला की झाले ४५. अर्धवेळ काम १५ तासांचं असेल तर ६०. चोवीस तास शिल्लक, म्हणजे सुखाचा आठवडा.

चूक इथेच होते. हा सरासरी आठवडा आहे, आणि डिझाइनच्या सेमिस्टरमध्ये सरासरी आठवडा क्वचितच येतो. सातव्या-आठव्या आठवड्यात मधली ज्युरी (परीक्षकांपुढे कामाचं सादरीकरण) असते, चौदाव्या-पंधराव्यात शेवटची. त्या चार आठवड्यांत अभ्यासाचे तास दीडपट धरा: ४५ चे ६७. त्यात कामाचे १५ मिळवले की ८२. मग ८४ तासांत दोन तास उरतात, आणि त्या दोन तासांत प्रिंटरची शाई संपायला नको, मॉडेलचा सांधा निखळायला नको. आखणी नेहमी ज्युरीच्या आठवड्यासाठी करा, सरासरी आठवड्यासाठी नाही. बाहेर काम करणाऱ्यांनी या चार आठवड्यांच्या तारखा सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात मालकाला कळवून पाळ्या कमी करून घ्याव्यात. आयत्या वेळी मागितलेली सुटी मिळत नाही.

यंत्रांचा वेळही यात येतो. मुठीत मावणारा थ्रीडी प्रिंट कित्येकदा आठ-दहा तास घेतो आणि पहिल्या खेपेला बिघडतो. लेझर कटरवर काम वीस मिनिटांचं असतं, रांग तीन दिवसांची. ज्युरीच्या आधीच्या आठवड्यात सगळा वर्ग तिथेच उभा असतो. म्हणून अंतिम मॉडेलच्या यंत्रकामाची मुदत ज्युरीच्या दहा दिवस आधीची धरा आणि ती तारीख वेळापत्रकात ज्युरीसारखीच ठळक लिहा.

कोणता विषय कोणाशेजारी बसवायचा

एका सेमिस्टरला एकच मोठा स्टुडिओ. दोन मोठे स्टुडिओ एकत्र घेतले की दोन्हींची ज्युरी एकाच आठवड्यात येते आणि दोन्हींकडे अर्धवट लक्ष जातं. अभ्यासक्रमानेच तसं लादलं असेल तर उरलेले विषय जितके हलके घेता येतील तितके घ्या.

स्टुडिओशेजारी लेखी परीक्षेचा विषय बरा, मोठ्या निबंधाचा विषय त्याहून जड. परीक्षेची तारीख ठरलेली असते आणि तयारी दोन दिवसांत दाबता येते. ४,००० शब्दांचा कलेतिहासाचा निबंध मात्र ज्युरीच्याच आठवड्यात मागितला जातो आणि रात्रभर जागून तो लिहिता येत नाही. शक्य असेल तर विषय निवडण्याआधी मागच्या वर्षीचा आराखडा मागा आणि सगळ्या सादरीकरणांच्या तारखा एकाच पानावर मांडा. एका आठवड्यात तीन मोठी सादरीकरणं येत असतील तर एक विषय बदला.

आणखी एक घोडचूक म्हणजे इतर शाखांचे सामान्य विषय पहिल्या दोन वर्षांत संपवून टाकणं. ‘एकदाचे उरकले’ असं वाटतं, पण तेच विषय वरच्या वर्षांत वजन तोलायला कामी येतात. सगळे आधी संपवले तर तिसऱ्या-चौथ्या वर्षात पूर्णवेळ विद्यार्थी राहण्यापुरती क्रेडिट भरायला फक्त स्टुडिओ आणि कार्यशाळाच उरतात. किमान तीन सामान्य विषय वरच्या वर्षांसाठी मुद्दाम मागे ठेवा, आणि त्यांतला एक अंतिम प्रकल्पाच्या सेमिस्टरसाठी.

इलेक्टिव्हबद्दल, म्हणजे ऐच्छिक विषयांबद्दल, एक आग्रहाचं मत. फक्त एखादं सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या विषयावर क्रेडिट खर्च करू नका. ते सुटीत शिकता येतं आणि पदवी हातात येईपर्यंत त्याची दोन आवृत्त्या बदललेली असतात. क्रेडिट तिथे खर्च करा जिथे माणूस, जागा किंवा यंत्र लागतं: सिरॅमिकची भट्टी, मुद्रणयंत्र, संशोधनपद्धतीचा अनुभवी शिक्षक, कडक शेरे देणारा लेखनाचा वर्ग. संख्याशास्त्राचा एक प्राथमिक विषय घेतला तर वापरकर्त्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष मांडताना ज्युरीपुढे पंचाईत होत नाही.

मायनर, म्हणजे मुख्य पदवीच्या जोडीला दुय्यम शाखा, घ्यायचं असेल तर एकच प्रश्न आधी विचारा: मायनरचे किती क्रेडिट मुख्य पदवीतही मोजले जातात? दोन विषय दोन्हीकडे मोजले जात असतील तर गणित सोपं होतं. एकही मोजला जात नसेल तर १५-१८ क्रेडिटचं मायनर म्हणजे एक अख्खं सेमिस्टर.

प्रवेशिका-ज्युरीसाठी आत्तापासून जपून ठेवायचं

बऱ्याच ठिकाणी पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पोर्टफोलिओ पाहून पुढच्या शाखेत प्रवेश देतात. ही साखळीतली अदृश्य कडी आहे. तिला क्रेडिट नसतात, म्हणून ती आराखड्यात दिसत नाही, पण तिथे अडलात तर सगळं अडतं. तिची तारीख, कामांची संख्या, फाइलचा आकार आणि पुन्हा किती वेळा बसता येतं हे सगळं साखळीच्या कागदावर लिहा.

तयारी त्या आठवड्यात होत नाही. प्रकल्प संपल्यापासून सात दिवसांच्या आत त्याची छायाचित्रं काढा. थर्माकोलचे कोपरे झिजतात, पुठ्ठा वाकतो, वर्ग रिकामा करताना मॉडेल कचऱ्यात जातं. खिडकीचा अप्रत्यक्ष प्रकाश, मागे करड्या कागदाची वळवलेली पट्टी, तिकाटण्यावर कॅमेरा. फोनची रुंद भिंग जवळून वापरली तर कडा वाकड्या दिसतात, म्हणून दोन पावलं मागे जाऊन झूम करा. प्रमाण कळावं म्हणून एक चित्र हातात धरून काढा.

त्याबरोबर प्रक्रियाही जपा: पहिली कच्ची रेखाटनं, फसलेली मॉडेलं, वापरकर्त्याच्या मुलाखतीच्या टिपा. परीक्षकांना गुळगुळीत शेवटचं चित्र दिसतंच, तिथवर कसे पोचलात ते त्यांना पाहायचं असतं. प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल ठेवा: विषय, अडचण, तुमची भूमिका, गटात कोण होतं, कालावधी, काय बदललं. दोन वर्षांनी यातलं काहीच आठवत नाही. प्रती तीन ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी.

इंटर्नशिप आणि परदेशातलं सेमिस्टर

इंटर्नशिपची क्रेडिट हवी असतील तर मंजुरी काम सुरू होण्याआधी घ्या. झालेल्या कामाला मागाहून क्रेडिट देणं बहुतेक विद्यापीठांच्या नियमात बसत नाही. कालावधी साधारण ८ ते १२ आठवडे. त्याहून कमी काळात खऱ्या प्रकल्पात हात घालायची वेळच येत नाही. अर्ज तीन ते सहा महिने आधी. करारात गोपनीयतेचं कलम असतंच. सही करण्यापूर्वी लेखी विचारा की पोर्टफोलिओत काय दाखवता येईल. उत्पादन बाजारात आल्यानंतर दाखवायची परवानगी, किंवा नाव आणि आकडे झाकून प्रक्रिया दाखवायची परवानगी, यांपैकी एक तरी मिळवा. नाहीतर तीन महिन्यांचं काम पोर्टफोलिओत एका ओळीचं होतं.

परदेशातल्या सेमिस्टरची तयारी दोन ते तीन सेमिस्टर आधी सुरू होते. साखळीचा कागद समोर ठेवा आणि पाहा, कोणत्या सेमिस्टरमध्ये लाल वर्तुळं सर्वांत कमी आहेत. आपल्या नमुन्यात प्रत्येक सेमिस्टरमध्ये एक स्टुडिओ लाल आहेच. तेव्हा खरा प्रश्न असा, की कोणत्या स्टुडिओऐवजी बाहेरचा स्टुडिओ विभाग मान्य करील? सहसा मधले स्टुडिओ मान्य होतात, अंतिम प्रकल्प नाही. टायपोग्राफीची साखळी असल्यामुळे पाचव्यात गेलात तर माहिती-आरेखनालाही पर्याय शोधावा लागेल. सहाव्यात गेलात तर फक्त स्टुडिओ ४ चा. म्हणून इथे सहावं बरं.

क्रेडिटचं रूपांतर साधारणपणे दोन ईसीटीएसला एक अमेरिकी क्रेडिट असं होतं, पण तुमचं विद्यापीठ काय मानतं ते लेखी घ्या. निवडलेला विषय तिथे पोचल्यावर रद्द झाला असं वारंवार घडतं. म्हणून प्रत्येक विषयाला एक पर्याय आधीच मंजूर करून ठेवा, आणि परतताना आराखडे, प्रकल्पाची लेखी मागणी आणि शिक्षकांचे शेरे घेऊन या. नुसत्या गुणपत्रिकेवर स्टुडिओची समतुल्यता ठरवणं समितीला अवघड जातं.

सल्लागाराची वीस मिनिटं

सल्लागाराला भेटून ‘पुढच्या सेमिस्टरला काय घेऊ?’ असं विचारलं तर उत्तर मिळतं, पण ते छापील आराखड्यातलं असतं. त्यासाठी भेटीची गरज नव्हती. भेटीच्या दोन दिवस आधी एक पानी टिपण आणि साखळीचा फोटो पाठवा. टिपणात चार गोष्टी पुरतात: आजवर झालेले क्रेडिट, पुढच्या सेमिस्टरचा मसुदा आणि एक पर्यायी मसुदा, शून्य मोकळीक असलेले विषय, आणि तुम्हाला ज्यावर निर्णय हवा आहे असे दोन किंवा तीन प्रश्न.

प्रश्न नेमके हवेत. ‘मायनर घ्यावं का?’ याऐवजी ‘मायनरचे हे दोन विषय सहाव्या सेमिस्टरला स्टुडिओ ४ बरोबर येतात, सातव्यात ढकलले तर पुन्हा शिकवले जातील का?’ असं विचारा. आणखी काही विचारण्यासारखे: या विषयाला गेल्या वर्षी जागा किती आणि रांगेत किती जण होते? शिकवणारे शिक्षक रजेवर जाणार आहेत का? हा विषय आराखड्यातून काढण्याचा विचार चालू आहे का? शेवटच्या दोहोंची उत्तरं कोणत्याही पुस्तिकेत सापडत नाहीत.

कोणाला काय विचारायचं हेही ठरलेलं असावं. नियम आणि क्रेडिट हा सल्लागाराचा किंवा निबंधक कार्यालयाचा विषय. ‘मी उत्पादन-आरेखनाला लायक आहे का?’ हा स्टुडिओच्या शिक्षकांचा, कारण त्यांनी तुमचं काम पाहिलेलं असतं. वरच्या वर्गातले विद्यार्थी कामाचे तास अचूक सांगतात, नियम मात्र चुकीचे सांगतात, कारण त्यांचं प्रवेशवर्ष वेगळं.

भेट संपल्यावर त्याच दिवशी चार ओळींचा ईमेल पाठवा: काय ठरलं, कोण काय करणार, कधीपर्यंत. एखाद्या विषयाऐवजी दुसरा चालेल असं तोंडी सांगितलं असेल तर त्याची लेखी मंजुरी संगणकीय नोंदीत चढेपर्यंत ते ठरलेलं नाही असं समजा. सल्लागार बदलतात, आश्वासनं त्यांच्याबरोबर जातात आणि पदवीची तपासणी करणारा माणूस फक्त नोंद पाहतो.

सल्लागारांसाठीही दोन शब्द. ‘सगळं ठीक चाललंय’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला साखळी काढून दाखवायला सांगा. ठीक आहे की नाही ते पाच मिनिटांत कळतं. आणि गुणांच्या जोडीला तास विचारा. चांगल्या श्रेणीमागे आठवड्याला नव्वद तासांची मजल असेल तर पुढच्या सेमिस्टरचं ओझं कमी करायची वेळ आलेली आहे. मसुद्यात बदल सुचवताना तो का, हे नोंदीत लिहा, म्हणजे पुढच्या सल्लागाराला तोच शोध पुन्हा घ्यावा लागत नाही.

घडी विस्कटली तर

सेमिस्टरच्या मध्यावर हातातलं काम बुडतंय असं दिसलं तर पहिला प्रश्न: बुडणारा विषय लाल वर्तुळातला आहे का? असेल तर तो वाचवण्यासाठी मोकळीक असलेला दुसरा विषय सोडा, आणि तोही नोंदीशिवाय सोडायच्या तारखेआधी. लोक नेमकं उलटं करतात. सोपा विषय हातात ठेवतात, कारण तिथे गुण मिळतायत, आणि स्टुडिओ सोडून देतात.

सोडण्याआधी तीन गोष्टी तपासा: पूर्णवेळ विद्यार्थ्यासाठी लागणारी किमान क्रेडिट, शिष्यवृत्तीची अट, आणि परदेशातून आलेल्यांसाठी व्हिसाची अट. शेवटच्या बाबतीत एक क्रेडिट कमी पडलं तरी प्रकरण गंभीर होतं, म्हणून आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जा, मग अर्ज भरा.

‘अपूर्ण’ श्रेणी घेऊन सुटीत काम पुरं करायचा मार्ग लेखी विषयाला चालतो. स्टुडिओला तो बहुधा फसतो. वर्कशॉप बंद असतं, शिक्षक भेटत नाहीत, वर्गमित्रांचं टीकाटिप्पणीचं वातावरण नसतं, आणि पुढचा स्टुडिओ सुरू होईपर्यंत जुनं काम मानेवर बसून राहतं. आजारपणासारखं कारण असेल आणि सत्तर-ऐंशी टक्के काम झालेलं असेल तरच तो मागा. मागताना उरलेल्या कामाची यादी, तारखा आणि यंत्रांचा वेळ शिक्षकांकडून लिहून घ्या.

स्टुडिओ नापास झालाच, तर येणारं वर्ष रिकामं समजू नका. साखळीबाहेरचे सगळे विषय त्या वर्षात हलवा, इंटर्नशिप तिथे बसवा, मायनर पुरं करा. मग पुन्हा साखळीला लागाल तेव्हा प्रत्येक स्टुडिओच्या सेमिस्टरला ओझं हलकं राहतं. शाखा बदलायचा विचार असेल तर तो दुसऱ्या वर्षाच्या मध्याआधी करा. फाउंडेशन सामाईक असतं तोवर नुकसान थोडं. स्टुडिओ २ नंतर नवी साखळी पहिल्या कडीपासून सुरू होते.

शेवटचं वर्ष

अंतिम प्रकल्पाच्या दोन सेमिस्टर आधी पदवीची अधिकृत तपासणी मागा. तेव्हा निघालेली तूट भरायला दोन सेमिस्टर हातात असतात, शेवटच्या महिन्यात निघालेली भरता येत नाही. प्रकल्पात लोकांच्या मुलाखती किंवा चाचण्या असतील तर नैतिक मंजुरी लागते का ते सहाव्या सेमिस्टरमध्येच विचारा. मुलं, रुग्ण किंवा कैदी यांच्याबरोबर काम असेल तर ती लागतेच असं धरून चला. समिती ठराविक तारखांना बसते, प्रश्नावली परत पाठवते, आणि मंजुरीपूर्वी गोळा केलेली माहिती वापरता येत नाही. मार्गदर्शकही तेव्हाच ठरवा. नावाजलेल्या शिक्षकांच्या जागा आधी भरतात.

अंतिम प्रकल्पाच्या सेमिस्टरमध्ये दुसरा स्टुडिओ नको, नवं यंत्र शिकणं नको, आणि तो मागे ठेवलेला एक सामान्य विषय सोडून शक्यतो दुसरं काहीच नको. पदवीसाठीचा अर्ज वेगळा भरावा लागतो. तो आपोआप जात नाही आणि त्याची मुदत बहुधा सेमिस्टरच्या सुरुवातीलाच संपते, म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा सगळं लक्ष प्रकल्पाच्या पहिल्या आराखड्यावर असतं. ती तारीख साखळीच्या कागदावर, अंतिम प्रकल्पाच्या चौकटीतच लिहून ठेवा.